गोळी निवड समिती

तिच्या नवऱ्याला कचेरीत सगळे खरेदीसाहेब म्हणत आणि त्यालाही ते आवडे. पंखा घ्यायचा तर आधी मागणीपत्र, मग तीन कोटेशनं, मग तुलनात्मक तक्ता, मग समिती, आणि समितीचं एकमत होईपर्यंत उन्हाळा संपलेला. घोडं वरातीमागून आलं तरी घोड्याचे कागद चोख असत. सतरा वर्षांच्या नोकरीत त्याने मागवलेल्या वस्तू चुकीच्या आल्या, उशिरा आल्या, काही आल्याच नाहीत. पण साहेबांवर ठपका म्हणून एकदाही आला नव्हता.

ती स्वतः चष्म्याच्या दुकानात कामाला होती. गिऱ्हाईक चाळीस फ्रेमी नाकावर चढवून बघतं आणि शेवटी पहिलीच घेऊन जातं, हे तिला पाठ झालं होतं. त्यामुळे नवऱ्याचे तक्ते ती बऱ्यापैकी हसून घ्यायची. पडदे निवडताना हसली, गादी निवडताना हसली. पण आता प्रकरण तिच्या पोटापर्यंत आलं होतं.

गरोदरपणाच्या पाचव्या आठवड्यात डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं, फॉलिक ॲसिड घ्या, आजपासून घ्या, कंपनी कुठलीही चालेल. बाकीच्या गोळ्यांचं पुढे बघू म्हणाल्या आणि पुढच्या बाईला आत बोलावलं. नवरा खुर्चीतच बसून राहिला. ‘कुठलीही चालेल’ असं वाक्य त्याने आयुष्यात कुठल्या कागदावर वाचलं नव्हतं. जिना उतरताना त्याने तिला बजावलं, घाई करायची नाही, या वेळी सगळं रीतसर करायचं.

या वेळी म्हणजे काय, ते तिला समजलं. दोन वर्षांपूर्वी नवव्या आठवड्यात सगळं संपलं होतं. ह्याच डॉक्टरीणबाईंनी तेव्हा स्पष्ट सांगितलं होतं की कुणाचं काही चुकलेलं नाही. पण खापर फोडायला डोकं लागतं, आणि घरात सगळ्यात हाताशी असलेलं डोकं तिचंच होतं. सासूबाईंना तिने उचललेली पाण्याची बादली आठवली. नणंदेला आठवलं की वहिनीने औषधाच्या दुकानात हाताला लागतील त्या गोळ्या उचलून आणल्या होत्या. नवरा काहीच बोलला नाही. बादली आणि गोळ्या तिने कधीच्या गिळल्या होत्या. त्याचं ते गप्प बसणं मात्र अजून खाली उतरत नव्हतं.

म्हणून त्याच संध्याकाळी, नवरा गाडी काढायला गेला तेवढ्यात, तिने दवाखान्याखालच्या औषधाच्या दुकानातून साधी पिवळ्या गोळ्यांची पट्टी घेतली आणि पहिली गोळी तिथेच उभ्या उभ्या घेतली. पट्टी तिने चष्म्याच्या दुकानातल्या आपल्या खणात ठेवली. रोज दुपारी जेवण झालं की एक गोळी. घरी बोलायची तिची हिंमत झाली नाही. पुन्हा काही झालं असतं, तर बादलीच्या शेजारी ही पट्टीही जाऊन बसली असती.

घरी समिती स्थापन झाली. अध्यक्ष नवरा, सदस्य सासूबाई आणि नणंद. जिच्या पोटात गोळी जायची तिला बैठकीत चहा करण्याचं काम होतं. सासूबाईंनी गोळीविना तीन मुलं जन्माला घातली होती आणि हे त्या प्रत्येक बैठकीत सांगत, पण म्हणून समितीतली जागा त्यांनी सोडली नाही. नणंदेने हसऱ्या बाळाचं चित्र असलेली परदेशी बाटली आणली. तिची दोन्ही मुलं म्हणे याच गोळीवर झाली; धाकट्याच्या वेळी अर्धी बाटली उलटीत गेली होती, ते ती सोयीने विसरली होती.

नवऱ्याने अकरा बाटल्या जमवल्या आणि तक्त्याला एकोणीस रकाने पाडले. गोळीची लांबी त्याने फूटपट्टीने मोजली. वास, रंग, झाकणाची पकड, बाटलीतल्या कापसाचा दर्जा, सगळ्याला गुण. सासूबाईंनी एकेक गोळी वाटीत भिजत घातली आणि कुठली आधी विरघळते ते बघत बसल्या. आठ दिवस घरातली एकही वाटी भाजीला मिळाली नाही.

बारीक अक्षरं वाचायची सवय असल्यामुळे एकदा तिने बाटल्या उलट्या करून पाहिल्या. चार बाटल्यांवर कंपन्या चार आणि कारखान्याचा पत्ता एकच. आतल्या मसाल्यातही फरक नव्हता. तिने हे चहा देता देता सांगितलं. नवऱ्याने ‘निरीक्षण नोंदवले’ असं लिहिलं आणि त्या चारही गोळ्यांना वेगवेगळे गुण दिले.

असे सहावा, सातवा, आठवा आठवडा गेला. नववा लागला तेव्हा ती रोज सकाळी डोळे उघडायलाच घाबरत होती. तो आठवडा कसा गेला हे तिला कुणी विचारलं नाही; समितीत तेव्हा कॅप्सूल की गोळी यावर रण माजलं होतं. दहावा लागला त्या दुपारी ती दुकानातल्या आरशांसमोर एकटीच रडली, आणि मग तोंड धुऊन एका आजोबांना जवळचा चष्मा दाखवायला बसली.

बाराव्या आठवड्यात, रविवारी सकाळी, समितीचं एकमत झालं. सात नंबरची गोळी. नवऱ्याने उभं राहून अहवाल वाचला, तिघांनी सह्या केल्या, आणि त्याने कागद व पेन तिच्यापुढे सरकवलं. म्हणाला, तुझी एक सही, की विषय संपला.

सहीच्या वर एक ओळ होती, बाकीच्या मजकुरापेक्षा बारीक टाइपात. ‘वरील गोळी वापरकर्तीने स्वतःच्या पसंतीने स्वीकारली असून पुढील परिणामांची संपूर्ण जबाबदारी तिची राहील.’

ती ओळ तिने दोनदा वाचली. नवऱ्याने समजावलं की हा ठरलेला मजकूर आहे, प्रत्येक फाइलला असतो, कुणी वाचतही नाही.

“मी पहिल्या दिवसापासून गोळी घेतेय,” ती म्हणाली. “डॉक्टरीणबाईंनी सांगितली ती.”

नणंदेचा कप तोंडाशी थांबला. सासूबाईंनी मुलाकडे पाहिलं, मुलाने तक्त्याकडे. सात आठवड्यांची मेहनत, एकोणीस रकाने, आणि माल आधीच पोचलेला. त्याचा चेहरा खरोखर पडला.

“मग ही समिती कशासाठी बसली होती?” त्याने विचारलं.

“मागच्या वेळी कागद नव्हता, तरी दोष माझाच ठरला. या वेळी लेखी पाहिजे होता, म्हणून बसली असेल.”

तिने ‘वापरकर्तीने’ हा शब्द खोडला, ‘तिची’ही खोडला, दोन्हींच्या वर नवऱ्याचं ‘समिती अध्यक्ष’ हे पद लिहिलं आणि कागद त्याच्याकडे फिरवला. सांगितलं, तुम्ही सही करा, मग उद्यापासून मी तुमची सात नंबरची घेते.

त्याने सवयीने पेन उचललं. आजवर शेकडो फाइलींना चिकटवलेली ती ओळ तो पहिल्यांदाच वाचत होता. वाचून झाल्यावर त्याने हळूच पेनाला टोपण लावलं.

“अगं, यावर अशी डोळे मिटून सही कशी करणार? पुढे काय होईल, ते कुणाच्या हातात असतं का?”

“नसतं,” ती म्हणाली. “हेच तुम्ही दोन वर्षांपूर्वी आईंसमोर म्हणायचं होतं.”