नववी खुर्ची

“तुम्ही आठ जण इथे दिवसभर करता तरी काय?”

मैत्रिणींनी “विचारून दाखव!” म्हणून पैज लावली होती, आणि बाबांचा डबा टेबलावर ठेवता ठेवता शाळकरी लेकीने विचारूनही टाकलं. व्यापारी कंपनीच्या नकलाखोलीतले आठही टाक एकदम थांबले. खिडकीबाहेरची मैत्रिणींची तीन डोकी गपकन खाली गेली. बाबांचे कान लाल झाले.

मुख्य कारकुनाने शांतपणे चष्मा पुसला.

“कंपनीच्या प्रत्येक पत्राच्या आठ नकला करतो, बाई. आठ जहाजांवरून आठ प्रती. सात बुडाली तरी आठवी पोचते.”

“पण आता तर एकच आगबोट जाते. दर सोमवारी. बुडतही नाही मेली!”

कोणीतरी फिसकन हसलं.

“मग बाकीच्या सात नकला?”

कारकुनाने बोट वर केलं. माळ्यावर गठ्ठे छताला टेकले होते.

“आणि आठ पुऱ्या झाल्याशिवाय पहिली निघत नाही,” तो म्हणाला.

“म्हणून गेल्या सोमवारी बोट चुकली होय! लिंबांच्या पेट्या धक्क्यावर सडल्या, शाळेपर्यंत वास येत होता.”

आता कोणी हसलं नाही. ती बाबांच्या कागदावर वाकली. मूळ पत्राच्या कोपऱ्यात शाईचा डाग पडला होता, बदकासारखा. शेजारच्या नकलेत त्याच जागी तसंच बदक. पलीकडच्या टेबलावर एक म्हातारा जीभ दातांत धरून बदकाची चोच काढत होता.

“डागसुद्धा?”

“जसंच्या तसं. रीत आहे. तुझे बाबा शेपूट काय झकास काढतात!” कारकून खुलला. “तूही शिकशील. ती बघ, तुझी खुर्ची आली. शाळा सोडायची, नि पुढच्या महिन्यापासून इथे बसायचं. बाबांनी तीन वर्षं माझे उंबरे झिजवले, तेव्हा कुठे मिळाली.”

कोपऱ्यात नववी खुर्ची चकाकत होती. तिने हात लावला. रोगण अजून ओलं होतं, बोटाला चिकटलं.

“जिंकलीस गं!” बाहेर मैत्रिणी नाचत होत्या. ती भिंतीवर बोट घासत राहिली. रोगण निघता निघेना.

संध्याकाळी बाबा मान खाली घालून जेवत होते. कंपनीत जाण्यासाठी आईने लेकीला आणलेल्या नव्या चपला दाराशी जोडीने ठेवलेल्या होत्या.

“आज माझी नक्कल परत आली,” बाबा म्हणाले. “एकवीस वर्षांत पहिल्यांदा.”

“अगंबाई! काय चुकलं?”

“डाग उमटवला नाही.”

“विसरलात?”

बाबांनी लेकीकडे पाहिलं.

“नाही.”

लेक ताटावरून उठली. दाराशी गेली, नव्या चपला पायात सरकवल्या आणि वळून उभी राहिली.

“आई, बाबा, ऐका. मी त्या खुर्चीवर बसणार नाही. शाळा सोडणार नाही. उद्याच वरच्या वर्गात नाव घालायचंय. बाबा, अर्ज तुम्ही लिहा. एकच प्रत लागते.”