पालथा हात

ठिणगीला ठिणगी म्हणायला सुरुवात कोणी केली हे आता कोणालाच आठवत नाही, पण का केली हे विचारायची वेळ कोणावर येत नाही. दुकानात येऊन कोणी नुसतं म्हणू दे, "वायरिंगमधलं मुलीला काय कळतंय?" की झालंच! समोरच्याची अशी बिनपाण्याने व्हायची, की तो बिचारा आपण काय काम घेऊन आलो होतो तेसुद्धा विसरायचा. पण त्या दिवशी परीक्षेच्या हॉलमधून बाहेर पडली तेव्हा तिच्या तोंडून ब्र निघत नव्हता. वायरमनच्या लायसन्सच्या परीक्षेत ती दुसऱ्यांदा नापास झाली होती, आणि तेही स्वतःच्या उजव्या हातामुळे.

पहिल्यांदा लेखीने दगा दिला होता, ते एक वेळ समजण्यासारखं होतं. कोणत्या भाराला किती जाड तार लागते याची गणितं तिला डोळ्यांसमोर नको असायची. "तार हातात घेतली की कळतं मला, गणित कशाला?" म्हणायची. कळतं ना, मग बस घरी! तसंच झालं. मग मात्र तिने कंबर कसली. सकाळचा चहा गणितांबरोबर, दुपारचा डबा गणितांबरोबर. दुसऱ्या खेपेला लेखीत असे काही गुण मिळवले, की आईने शेजारच्या काकूंना मुद्दाम हाक मारून सांगितलं. आता राहिलं होतं प्रात्यक्षिक, म्हणजे तर ठिणगीच्या हातचा मळ. पेन्सिल धरायच्या आधी तिने स्क्रूड्रायव्हर धरलेला.

प्रात्यक्षिकात एक बोर्ड उघडून त्याची एक तार बदलायची होती. तिने मेन स्विच बंद केला, त्याला कुलूप घातलं, "काम चालू आहे"ची पाटी अडकवली. टेस्टर लावून बघितला, दिवा लागला नाही. सगळं कसं बिनचूक. आणि मग पक्कड उचलायच्या आधी तिच्या उजव्या हाताची पालथी बोटं आपसूक पुढे गेली आणि आतल्या तांब्याच्या उघड्या पट्टीला हलकेच टेकून मागे आली.

"थांबा," परीक्षक म्हणाले. "संपलं तुमचं."

"काय संपलं?"

"उघड्या पट्टीला हात लावलात तुम्ही."

"अहो, पण बंद होती! मी तपासली होती की!"

"तपासली होती ना? मग हात कशाला लावलात?"

हात लावला हेच मुळी तिला परीक्षक बोलले तेव्हा कळलं होतं.

ती सवय तिच्या वडिलांची. जुन्या वायरमन लोकांची ही रीतच होती. कशालाही धरायच्या आधी पालथा हात टेकवून बघायचा. सरळ तळव्याने धरलं आणि वीज असली तर मूठ आवळली जाते, सुटता सुटत नाही. पालथ्या हाताला झटका बसला तर हात निदान मागे फेकला जातो. वडिलांनी लहानपणी सगळ्यात आधी तिला हेच शिकवलं होतं, आणि इतकं घोटून घेतलं होतं, की ती इस्त्री, फ्रिजचं दार, न्हाणीघरातला नळ, सगळ्याला आधी पालथी बोटं टेकवायची.

घरी आल्यावर मात्र तिला वाचा फुटली. वडील दुकानाच्या मागच्या खोलीत पंख्याची वाइंडिंग करत बसले होते. तळपायाची आग मस्तकात गेलेली ठिणगी दारातच उभी राहिली आणि म्हणाली, "तुमच्यामुळे नापास झाले मी, बाबा. तुमच्या त्या पालथ्या हातामुळे! झालं तुमचं समाधान?"

वडिलांनी वर बघितलं. हातातली तार खाली ठेवली, दिवा मालवला आणि घरात निघून गेले. त्या रात्री ते जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी दुकानात त्यांनी सबंध सकाळ उजवा हात खिशात घालून ठेवला होता. गिऱ्हाइकाला सुटे पैसेसुद्धा डाव्या हाताने दिले. ठिणगी ते बघत होती. बोलून बसली खरी, पण आता शब्द परत घ्यायचे कसे?

आणि नुसतं मन दुखावण्यावर भागणार असतं तर गोष्ट वेगळी होती. पुढच्या वर्षापासून नियम बदलणार होता. वडिलांचा जुना परवाना तेव्हा संपणार, आणि ज्या दुकानात नव्या परीक्षेचं लायसन्स असलेला माणूस नाही, त्या दुकानाला कामच घेता येणार नव्हतं. वडिलांचे डोळे अधू झालेले, ते काही परीक्षेला बसणार नव्हते. त्याआधी परीक्षेची एकच फेरी उरली होती. ठिणगी पास झाली तर दुकान राहणार, नाहीतर तिच्या चुलत भावाच्या दुकानात बापलेकीने नोकरीला जायचं. तो चुलत भाऊ, ज्याला सगळे साहेब म्हणत, लायसन्स मिळवून खुर्चीत बसला होता आणि शिडीवर चढायचं म्हटलं की त्याला चक्कर यायची. "या की काका, आपलंच दुकान आहे," असं तो इतक्या गोड आवाजात म्हणाला होता, की वडील घरी येऊन कितीतरी वेळ नुसते पाय धूत बसले होते.

चार दिवस असेच अबोल्यात गेले. मग एका दुपारी वडिलांनी माळ्यावरून एक जुना बोर्ड काढला, पुसला आणि टेबलावर तिच्यासमोर आणून ठेवला.

"हा हात मला माझ्या उस्तादाने दिला," ते म्हणाले. "टेस्टर असायचे कुठे तेव्हा प्रत्येकाकडे? दोनदा जीव वाचलाय माझा त्याच्यामुळे. म्हणून तुला दिला. आता परत काढून कसा घ्यायचा, ते मला ठाऊक नाही. पण बसू आपण. बघू."

"बाबा, मी त्या दिवशी जे बोलले..."

"बोलणं राहू दे. बोर्ड उघड."

तिने बोर्ड उघडला. टेस्टर लावला. हात गेला.

"हात मागे!" वडील ओरडले, ते असे, की रस्त्यावरचा सायकलवाला वळून बघायला लागला.

पुढचे कितीतरी दिवस त्या घरात दुसरं काही ऐकू येत नव्हतं. ठिणगी बोर्ड उघडतेय, "हात मागे!" फ्रिज उघडतेय, "हात मागे!" आईने तवा तापलाय का बघायला हात जवळ नेला, तर बाहेरच्या खोलीतून, "हात मागे!" आईने कपाळाला हात लावला आणि म्हणाली, "घरात एक वेडं होतं ते कमी होतं म्हणून दुसरं झालं." गंमत म्हणजे ओरडता ओरडता वडीलच मिक्सर दुरुस्त करायला घ्यायचे आणि आधी पालथा हात टेकवायचे. मग ठिणगी ओरडायची. ज्याचा हात जाईल त्याने भांडी घासायची असं ठरलं, आणि आईला त्या महिन्यात एकदाही भांडी घासावी लागली नाहीत.

पण सवय काही सुटेना. ठिणगीने बोटांना चिकटपट्टी लावून बघितली, हात पाठीशी धरून बघितला. लक्ष असेपर्यंत हात जागेवर राहायचा. जरा कुठे मन कामात रमलं, की निघाला पुढे! एकदा तर ती रडकुंडीला येऊन म्हणाली, "मला नाही जमणार हे. हात काही माझं ऐकत नाही."

वडिलांनी तिच्यासमोरचा बोर्ड बाजूला सारला. मग म्हणाले, "आपण चुकतोय. हाताला नुसतं नको नको म्हटलं तर तो कशाला ऐकेल? त्याला दुसरं काम दे." त्यांनी दोन वायरींचा टेस्टर काढला, एक टोक उजव्या हाताला, एक डाव्या हाताला. "आधी चालू सॉकेटवर लाव, टेस्टर धड आहे ना बघ. मग बोर्डावर. मग परत सॉकेटवर. हे संपेपर्यंत दोन्ही हात भरलेले. आणि हे संपलं की सरळ पक्कड उचल."

पुस्तकातही नेमकं हेच लिहिलेलं होतं, बरं का! सॉकेट, बोर्ड, सॉकेट. ठिणगीने ते पाठ करून लेखीत लिहिलंही होतं, गुणही मिळवले होते. करून मात्र कधी बघितलं नव्हतं. त्या दिवसापासून ती बसली त्याच्या मागे हात धुवून. सॉकेट, बोर्ड, सॉकेट, पक्कड. झोपेत विचारलं तरी सांगेल अशी.

शेवटच्या फेरीला परीक्षक वेगळे होते. पिकलेल्या मिशा, जाड चष्मा, आणि हातांवर या धंद्यातल्या माणसाला लगेच ओळखू येतील असे जुन्या भाजण्याचे डाग. ठिणगीने मेन बंद केला, कुलूप घातलं, पाटी लावली. टेस्टर सॉकेटवर लावला, दिवा लागला. बोर्डावर लावला.

दिवा लागला.

तिने परत सॉकेटवर बघितलं. परत बोर्डावर. दिवा लागतच होता.

"सर, या बोर्डात वीज आहे."

"नसणार," परीक्षक कागदावरून वर न बघता म्हणाले. "मेन बंद केलाय ना तुम्ही? चला पुढे. वेळ जातोय."

"बंद केलाय. तरी आहे."

"अहो बाई, हे टेबल मी स्वतः सकाळी तपासलंय. टेस्टर खोटा दाखवत असेल."

आता इथे कोणाचंही पाऊल डगमगलं असतं. समोर परीक्षक, हातात शेवटची संधी, घरी वाट बघणारे वडील, आणि तिकडे साहेबाचं ते गोड बोलणं. मुकाट्याने तार बदलली असती तर कदाचित काही झालंही नसतं. ठिणगीने टेस्टर टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "मी हे काम करणार नाही. वीज आहे तोवर नाही."

"मग शून्य गुण देऊ?"

"द्या," ती म्हणाली.

परीक्षक वैतागून उठले. "अहो, काही नाहीये त्यात, हे बघा," असं म्हणत त्यांनी बोर्डाकडे हात नेला. पालथा हात!

"हात मागे!"

सबंध हॉल थांबला. ठिणगीने परीक्षकांची बाही गच्च धरून त्यांना मागे ओढलं होतं, इतकं जोरात, की त्यांचा चष्मा नाकावर तिरका झाला. आपण काय केलं हे तिच्या लक्षात आलं आणि तिने बाही सोडली. परीक्षकावर ओरडली! बाही धरून ओढलं! आता शून्यसुद्धा मिळणार नव्हतं.

परीक्षकांनी चष्मा सरळ केला. टेबलावरचा टेस्टर उचलला, सॉकेटवर लावला, बोर्डावर लावला. लागलेल्या दिव्याकडे बघत राहिले. मग त्यांनी सगळ्या हॉलचा पुरवठा बंद करायला लावला. टेबलाच्या मागे वाकून बघितलं, तर शेजारच्या टेबलाची एक तार कोणीतरी या बोर्डात जोडून ठेवलेली.

ते परत आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरलेला होता. स्वतःच्याच हाताकडे बघत म्हणाले, "माझ्या बापाने लावलेली सवय. आज मला घेऊन गेली असती." थोड्या वेळाने पुन्हा परीक्षकासारखे ताठ झाले. "पण या टेबलाचे गुण मला धरता येणार नाहीत. काम पूर्ण झालेलं नाही. दुसऱ्या टेबलावर पहिल्यापासून करावं लागेल. थरथरताय तुम्ही. हवं तर पुढच्या फेरीत या, मी तसं लिहून देतो."

पुढची फेरी म्हणजे नव्या नियमानंतर. ओरडल्याने ठिणगीचा घसा बसला होता, आणि मनातून असा संताप येत होता, की बरोबर केलं तरी पहिल्यापासून? अजून किती वेळा पहिल्यापासून?

"आत्ताच करते," ती म्हणाली.

दुसऱ्या टेबलावर तिने मेन बंद केला. कुलूप किल्लीसकट हातातून पडलं, ते उचलून घातलं. पाटी लावली. सॉकेट, बोर्ड, सॉकेट. टेस्टरची टोकं धरलेले हात कापत होते, पण होते टोकांवरच. या खेपेला बोर्डावर दिवा लागला नाही. तिने पक्कड उचलली. तार काढली, नवी बसवली, स्क्रू आवळले, झाकण लावलं. परीक्षकांनी कागदावर सही केली. ती बाहेर आली आणि पायरीवर बसून ढसाढसा रडली. येणारे-जाणारे समजले, ही नापास झाली. समजू देत!

लायसन्स आल्यानंतरचं पहिलं काम एका छापखान्याचं होतं. तळघरातला गंजका मेन बोर्ड बदलायचा होता. कामाच्या कागदावर सही तिची, म्हणजे काही बरंवाईट झालं तर जबाबदारीही तिची. वडील हत्यारांची पिशवी घेऊन बरोबर आले होते. तळघरात उतरल्यावर ते नेहमीसारखे तडक बोर्डापाशी गेले आणि झाकणाला हात घालणार, तोच थबकले. तिच्याकडे वळून म्हणाले, "काय मग? करू सुरू?"

उभ्या जन्मात त्यांनी हे कोणाला विचारलं नव्हतं. "तुम्ही कशाला विचारता, बाबा," असं अगदी ठिणगीच्या जिभेच्या टोकावर आलं होतं.

"थांबा," ती म्हणाली. "आधी मी तपासते."

वडिलांनी पिशवी खाली ठेवली आणि भिंतीपाशी जाऊन उभे राहिले. तिचं तपासून होईपर्यंत ते तिथून हलले नाहीत.