देवानं उंच बसावं

आषाढातली उघडीप. मेघांच्या कृष्णवर्ण कडांतून निसटलेला, भिजून जड झालेला, पितळी उजेड. तो खाडीवरून आला, खारफुटीच्या हिरव्या अंधारातून आला, भातखाचरांच्या आरशांवर पाय ठेवत ठेवत पेणच्या वेशीशी आला, आणि दिगंबरशेठच्या गणपती-कारखान्याच्या पत्र्याखाली शिरून थबकला.

कारण आत देव होते. आणि देव आंधळे होते.

फळ्यांवर फळ्या, ओळींमागे ओळी. लंबोदर, वक्रतुंड, शूर्पकर्ण. पीतांबराला पिवळी झळाळी, मुकुटाला सोनेरी, सोंडेच्या टोकाला गुलाबाच्या पाकळीची लाज. आणि डोळ्यांच्या जागी पांढरा, कोरा, मुका खळगा. डोळे शेवटी असतात. डोळे आले की मातीचा देव होतो. तोवर ती बाहुली, मग मुकुट कितीही सोनेरी असो. डोळे रेखायच्या कामाला इथं आखणी म्हणतात, आणि आखणीचा हात दिगंबरशेठच्या कारखान्यात एकच होता.

तो हात दारात उभा होता. पदराआड. सहाव्या महिन्याच्या गर्भावर ठेवलेला.

हर्षाली. खाडीपलीकडच्या वाडीतली सून. हात असा, की सुईच्या टोकाइतक्या कुंचल्यानं पापणी ओढली तर वाटावं, ही ओढलेली नाही, ही आत्ता उघडली. नवरा धरमतरला बार्जवर. पावसाळाभर बार्ज किनाऱ्याला बांधलेली आणि नवरा घरातल्या खांबाला. चूल पेटायची ती या हातावर. आणि आखणीची जागा अशी, की एक हंगाम सुटला तर सुटली. पुढल्या साली तिथं दुसऱ्याचा पाट मांडलेला असतो.

"शेठ, सकाळचीच येईन. दुपार झाली की जाईन. खाली मांडी घालून बसायचं नाही सांगितलंय डॉक्टरबाईंनी, पाय सुजतात, रक्तदाब चढतो. एक खुर्ची द्या. मधे जरा पाठ टेकीन. काम चोख देईन."

दिगंबरशेठनं चष्मा कपाळावर चढवला. "खुर्ची? हा कारखाना हाय गो, मामलेदार कचेरी नाय. बसायचं तर दिवसभर बस, खाली बस. नायतर घरी जा, सुखानं बाळंतीण हो, पेढे घेऊन ये. पुढच्या सालाला बघू."

मूर्तींना पॉलिशपेपर घासणारी बेबीआक्का मान वर न करता म्हणाली, "खुर्ची नका देऊ शेठ. तिच्याच पोटावर पाट ठेवा नि मांडा गणपती. टेबल आयतं हाय!"

बायका हसल्या. शेठ हसले. हर्षालीही हसली. हसू ओठांवर होतं तोवर पोटात काहीतरी वळलं. कालव्यात मासोळी वळावी तसं, हळूच, पाठ फिरवून.

ती निघाली. कारखान्यामागून कारखाना, पत्र्यामागून पत्रा. ओल्या शाडूचा वास, रंगाचा वास, आणि सगळीकडे तेच आंधळे, शुभ्र, स्थिर चेहरे. एकानं तिच्या पोटाकडे बघून खुर्ची पुढे केली, पाणी दिलं, काम दिलं नाही. एक म्हणाला, जडपणी हात भरवशाचा नसतो. एका मालकिणीनं तर तिच्या डोक्यावरून हात फिरवला, खोबऱ्याची वाटी हातावर ठेवली, डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, "लेक म्हणून सांगते, घरी बस हो."

लेक म्हणून! या मुलखात गरोदर बाईला सगळे सगळं देतात. हिरवा चुडा देतात, ओटीत नारळ देतात, डोहाळे पुरवतात, डोहाळजेवणात तिला चंद्रावर बसवतात, पाळण्यावर बसवतात. फक्त कामावर बसवत नाहीत. आणि तिनं स्वतःच्या तोंडानं अर्धा दिवस मागितला, की त्याच मायाळू डोळ्यांत असं काही पांढरं उतरतं, की आखणीआधीचे गणपती परवडले.

सांज झाली. खाचरांच्या आरशांत ढग विझत गेले. घरी सासू देव्हाऱ्यापुढे वात वळत बसली होती. ती सहज बोलली, सूत ओढता ओढता. "यंदा आपला गणपती पाण्यात जायाचा नाय गो. घरात बाई गरवार असली, की बोळवत नाहीत देवाला. ती मोकळी होईस्तोवर तो थांबतो."

थांबतो. हर्षाली सुजल्या पावलांवर कोमट पाणी ओतत होती, तिचा तांब्या हातातच राहिला. ज्याच्यासाठी सारा मुलूख धावतो, तो देव एका बाईच्या पोटासाठी महिनोन् महिने घरात थांबून राहतो. आणि त्याला विकणारा माणूस दुपारपुरता थांबायला तयार नाही.

आषाढ उतरला. उघडीप गेली, पुन्हा आली. दिगंबरशेठच्या फळ्यांवर देव तसेच. शेठनं एक रंगारी आणून बघितला, त्यानं गणपतीला असे डोळे काढले की बेबीआक्का म्हणाली, हा मोदक मागत नाय, उधारी मागतोय. मग एके दिवशी तीच बेबीआक्का चिखल तुडवत वाडीत आली आणि अंगणातूनच ओरडली, "चल ऊठ गो टेबलवाली! खुर्ची मांडलीय. पण एकच सकाळ बघणार म्हणतो म्हातारा. नजर बसली तर बसली. नाय बसली, तर परत दार वाजवायचं नाय."

नजर बसणं. या एका गोष्टीवर इथं मूर्ती तरते नि बुडते. गिऱ्हाईक पुढ्यात बसलं, हात जोडले, वर बघितलं, तर देवानं त्याच्याकडेच बघायला हवं. त्याच्याच, दुसऱ्या कुणाकडे नाही. म्हणून दिगंबरशेठ प्रत्येक मूर्तीपुढे स्वतः खाली मांडी घालून बसतात, गिऱ्हाईक होतात, आणि वर बघतात.

ती सकाळ शिंपल्याच्या पोटासारखी होती. राखी, ओली, आतून चमकणारी. खुर्ची होती. खुर्चीपुढे नेहमीचा बसका चौरंग, चौरंगावर देव. हर्षाली बसली. कुंचला भिजवला. टोक ओठांत धरून सरळ केलं नाही, रंग पोटात जाऊ नये म्हणून ते या महिन्यांत तिनं सोडलं होतं. बोटांच्या पेरांवर फिरवलं. आणि श्वास रोखला.

श्वास रोखला जाईना. वर्षानुवर्षं ती श्वास रोखून पापणी ओढत आली, आणि आज छातीखाली दुसरंच कुणी जागा अडवून बसलेलं, ते श्वासाला थांबू देईना. मग तिनं श्वास सोडला, आणि सुटत्या श्वासावर रेघ सोडली. लांब, लवचीक, नागमोडी. जमली! पापणीखाली बुबुळ, बुबुळात प्रकाशाचा पांढरा कण. देवानं तिच्याकडे बघितलं. दुसऱ्यानं बघितलं. एक अख्खी ओळ तिच्याकडे बघू लागली, आणि तिचा जीव मोहरून आला.

दिगंबरशेठ खाली बसले. मांडी घातली, हात जोडले, वर बघितलं.

कारखान्यात पॉलिशपेपरची खसखस थांबली.

"कोणाकडे बघतोय गो हा?" शेठ पुढच्या मूर्तीकडे सरकले. "नि हा? माझ्या टकलाकडंसुद्धा नाय. वर पत्र्याला पाल हाय, तिच्याकडे बघतोय." ते उठले, गुडघे झटकले. "मी म्हणलो नव्हतो? ऊठ. घरी जा."

हर्षालीनं बघितलं. चूक तिचीच होती. आखणी करणारा देवाच्या डोळ्यांत डोळे घालून बुबुळ ठेवतो. देव त्याच्याकडे बघतो तसाच जन्मभर बघत राहतो. ती आजवर जमिनीवर बसली, म्हणून देव जमिनीवरच्या माणसाकडे बघत आले. आज ती खुर्चीवर, चौरंग मात्र तिथंच. सगळ्या देवांनी तिच्याकडे मान वर करून बघितलं होतं. एक अख्खी ओळ, वर बघणारी. लाचार.

हात आपसूक जमिनीकडे गेला. सवयच ती. तळवा टेकला, गुडघा वाकू लागला, घोट्यावरचं टम्म कातडं ताणलं, पोटात कळ तळ्यातल्या तरंगासारखी रुंदावत गेली. बसली असती ती. दिवसभर बसली असती, आणि सगळ्यांनी म्हटलं असतं, काय सोशिक बाई! असल्या कौतुकावर थुंकावं.

ती अर्ध्यातच थांबली. एक हात भुईवर, एक गर्भावर. वाकलेली, ताणलेली, सोडण्याआधीच्या धनुष्यासारखी. पुढ्यातला देव आढ्याकडे बघत होता.

मग तिनं गुडघा सरळ केला.

"आक्का, रंगाचे रिकामे डबे आण. आणशील तेवढे आण."

डबे आले. तिनं चौरंगाखाली चारी पायांना डबे लावले, डब्यांवर डबे चढवले. देव वर चढू लागला. तिच्या गुडघ्यांपासून पोटापर्यंत, पोटापासून छातीपर्यंत, छातीपासून थेट डोळ्यांसमोर. बाईनं वाकायचं नाही. देवानं उंच बसायचं.

"पडंल गो तो!" दिगंबरशेठ ओरडले. "पडला म्हणजे?"

"मग धरा," हर्षाली म्हणाली. शेठ हे नाव तिनं त्यामागे जोडलं नाही.

आणि दिगंबरशेठनं धरला. गुडघ्यांवर बसून, दोन्ही हातांनी चौरंगाचे पाय धरून, धोतराला निळा रंग पुसत. बेबीआक्कानं तोंडात पदर कोंबला.

तिनं आधीचे डोळे पुसले. पांढऱ्याचा एक हात. देव पुन्हा आंधळा. कुंचला भिजवला. श्वास सोडला, रेघ सोडली. उजवी पापणी. डावी पापणी. बुबुळाला कुंचला टेकणार, तेवढ्यात आतून लाथ बसली. निखळ, रोखठोक, हक्काची. कुंचल्याचं टोक देवाच्या डोळ्यापासून केसभर अंतरावर थरथरलं. सगळा कारखाना त्या केसभर अंतरात अडकला. ओल्या उजेडानंसुद्धा पापणी लववली नाही.

ती थांबली. घाई केली नाही, माफी मागितली नाही. आतलं लाटेसारखं आलं, लाटेसारखं ओसरलं. मग दोन लाटांमधल्या त्या निस्तरंग, निळ्या, क्षणभंगुर पाण्यावर तिनं बुबुळ ठेवलं, जसं पाण्यावर कुणी दिवा सोडावा.

पांढरा कण. बस.

चौरंग जमिनीवर उतरवून पुन्हा नेहमीच्या उंचीला आणला. दिगंबरशेठ जिथं होते तिथंच मांडी घालून बसले. हात जोडायचं विसरले. वर बघितलं.

देवानं त्यांच्याकडे बघितलं. सरळ. शांत. काही न मागणाऱ्या आणि काही न विसरणाऱ्या नजरेनं.

शेठनंच आधी डोळे खाली घेतले. बराच वेळ ते बोटावरचा निळा रंग चोळत बसले. "डबे इथंच ऱ्हाऊ दे," अखेर पुटपुटले, कुणाला ते त्यांचं त्यांना ठाऊक.

सकाळभर डोळे उघडत राहिले. एक चौरंगावर चढे, एक उतरे; रेघ आणि श्वास, श्वास आणि रेघ. मधे ती पाठ टेकी, पाणी पिई. मग उजेडाचा तुकडा उंबऱ्यापाशी आखूड झाला. दुपार झाली. हर्षालीनं कुंचला धुतला, टोक जुळवलं, डब्यात उभा केला, आणि खुर्चीच्या हाताला धरून उठली.

"अगो, ती एक ओळ तरी..." शेठ म्हणाले. "गाडी यायची हाय. डोळ्यांवाचून बसलेत बघ बिचारे."

"उद्या," ती म्हणाली. "सकाळी."

आणि बांधावरून निघाली. दोन्हीकडे आरसे, आरशांत आभाळ, आभाळात तिची गुरुगर्भा, मंथर, सरळ सावली. मागं पत्र्याखाली एक ओळ डोळस, एक ओळ आंधळी. आत, रक्ताच्या उबदार अंधारात, आणखी एक जोडी मिटलेली. तिलाही कसली घाई नाही.

उरलेले देव उद्यापर्यंत आंधळे राहतील.

राहू देत. देवांना थांबता येतं.