उलटा डोळा

"आज पट्ट्या नको उघडूस," सासू म्हणाली. "थंडी आहे. चार दिवस थांबलीस तर काय आभाळ कोसळणार आहे?"

"एकवीस दिवस झाले, आई. माझ्या वेळी तुम्ही एकविसाव्या दिवशीच उघडल्या होत्या."

म्हातारीनं तोंड मिटलं. ते मिटलेलं पाहून सुनेला बरं वाटलं. असं बरं तिला फार दिवसांत वाटलं नव्हतं.

रोपवाटिका संत्र्यांची. काम तसं दोन बोटांचं, पण पोटातलं पाणी हलू न देता करायचं. रानटी लिंबाच्या खुंटाला चाकूनं चीर द्यायची, चांगल्या संत्र्याच्या फांदीवरचा डोळा, म्हणजे कोंब फुटायची जागा, सालीसकट अलगद काढून त्या चिरेत सरकवायचा, वरून प्लॅस्टिकची पट्टी आवळायची. डोळ्याच्या खाली पानाच्या देठाचा तुकडा ठेवलेला असतो. तो खालीच राहिला पाहिजे. वर गेला, की डोळा उलटा बसला म्हणून समजा. उलटा डोळा मरतोच असं नाही, पण कोंब आधी जमिनीकडे निघतो आणि चूक कळल्यासारखा वळून वर येतो. तो बाक झाडाच्या बुंध्यात जन्मभर राहतो.

असं एक झाड रोपवाटिकेच्या दारातच होतं.

बावीस वर्षांपूर्वी सून या घरात नवी होती. पहिल्याच दिवशी तिनं चाळीस डोळे भरले, चाळीसही उलटे. सासूनं ते त्याच दुपारी पाहिलं होतं. तिथल्या तिथं सोडून पुन्हा बांधता आले असते. पण ती बोलली नाही. एकवीस दिवस वाट पाहिली, मग सगळ्या मजुरांना ओळीपाशी बोलावून एकेक पट्टी सोडली. एकोणचाळीस रोपं उपटून बांधावर फेकली आणि चाळिसावं हातात धरून म्हणाली, "हे राहू दे. दारात लावू. आमची सून कशी आहे ते येणाऱ्याजाणाऱ्याला विचारावं लागणार नाही."

तेव्हापासून सुनेचं नाव वाकडी पडलं. ट्रकवाले एकमेकांना पत्ता सांगत, "वाकडीच्या झाडापासून आत वळ." तिचा नवरासुद्धा हसायचा.

तीन वर्षांत ती काम शिकली. आता तिचे शंभरातले सत्त्याण्णव डोळे धरत. रोज सकाळी आत येताना ती त्या झाडाच्या बाकावर तळवा ठेवायची आणि मनाशी म्हणायची, 'बघ गं बये, कुठं होतीस आणि कुठं आलीस.' दिवसातला तो एक क्षण तिचा असायचा.

सासूचा हात गेल्या पावसाळ्यापासून कापत होता. पण मिजास तीच. एकदा सगळ्यांदेखत बोलून गेली, "ज्या दिवशी माझी ओळ मरेल, त्या दिवशी चाकू खाली ठेवीन आणि थोरल्या लेकाकडे जाऊन बसेन." थोरला शहरात, तिसऱ्या मजल्यावर राहायचा. त्याच्या घरात माती कुंडीतसुद्धा नव्हती.

वाकडीनं ते वाक्य जपून ठेवलं. म्हातारीनं चाळीस खुंट बांधले, तेव्हा ती शेजारच्याच ओळीत होती. चीर वेडीवाकडी जाताना तिनं पाहिली. एक डोळा उलटा सरकताना पाहिला. बोलली नाही. ती ओळ नंतर ओळखू यावी म्हणून दोन्ही टोकांना लाल दोरा तेवढा बांधला.

"या गं सगळ्या!" तिनं खुरपणाऱ्या बायांना हाक मारली. पाणी सोडणाराही नळी टाकून आला.

"कशाला तमाशा करतेस?" म्हातारी हळूच म्हणाली. "दोघी मिळून बघू."

"तमाशा कसला, आई? तुमच्या हातचं बघून चार जणी शिकतील."

पहिली पट्टी सुटली. डोळा काळा पडला होता. देठाचा तुकडा वाळून सालीला चिकटलेला. जिवंत डोळ्याचा देठ बोट लागताच गळतो.

"मेला," वाकडी म्हणाली.

दुसरा मेला. तिसरा मेला. दहाव्यानंतर तिनं बोलणं सोडलं, नुसता आकडा म्हणू लागली. बारावा आणि विसावा हिरवे निघाले, तेव्हा म्हातारीनं मान वर केली. मग पुन्हा सगळे काळे.

"अहो, एवढं तर माझी शेळीसुद्धा भरेल," पाणीवाला पुटपुटला. एक बाई पदर तोंडावर धरून हसली.

"गप रे!" दुसरी म्हणाली. "हात थकतात माणसाचे."

चाळिसावा डोळा हिरवागार होता. देठ बोट लागताच गळला, पण गळताना सगळ्यांनी पाहिलं, तो डोळ्याच्या वर होता.

म्हातारीचा कापता हात गुडघ्यावर होता. तिनं तो दुसऱ्या हातानं दाबून धरला. वाकडीला आतून काहीतरी म्हणालं, उपट आणि टाक बांधावर, झालं एवढं पुरे. पण सगळ्या तिच्याकडे बघत होत्या आणि बावीस वर्षं जिभेवर ठेवलेलं वाक्य आता मागे फिरणार नव्हतं.

"हे राहू दे," ती म्हणाली. "दारात लावू. येणाऱ्याजाणाऱ्याला कळू दे, मी कोणाच्या हाताखाली शिकले ते."

बाया हसल्या, बावीस वर्षांपूर्वी मजूर हसले होते अगदी तशाच.

म्हातारीनं कमरेचा चाकू काढला, पदरानं पुसला, सुनेच्या हातात दिला. आणि तीही हसली, खोटं नाही, पोटातून.

"डोळा भरायला तू तीन वर्षांत शिकलीस," ती म्हणाली. "बाकीचं तुला कधी जमेल की नाही, याचीच मला काळजी होती. जमलं हो. बावीस वर्षं लागली, पण अगदी माझ्यासारखं जमलं."

रविवारी थोरला येऊन तिला घेऊन गेला. वाकडीनं दारात खड्डा खणून ते रोप लावलं, बोलली होती म्हणून. जुन्या झाडाकडे मात्र तिनं पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून ती कामाला मागच्या कुंपणातून येऊ लागली.