घाटी चढली बोलीला

मी भिंगऱ्या बैलाच्या गळ्यातली घाटी बोलतेय. बोलतेय म्हणजे काय, वाजतेय. गप्प बसणं माझ्या पितळेतच नाही.

आटपाडीकडच्या एका कासारानं मला ओतलं आणि धुळाआबांनी खरसुंडीच्या जत्रेत दहादा वाजवून मला घेतलं. त्यांच्या गोठ्यात मी बऱ्याच बैलांचे गळे पाहिले, पण भिंगऱ्या तो भिंगऱ्याच! खंडाळ्याच्या माळावर शर्यत मारून तो मिरवायला निघाला, तेव्हा मी अशी घणघणले की पाचगणीतल्या हिरव्या स्ट्रॉबेऱ्या दचकून लाल झाल्या. खोटं वाटत असेल तर बघून या, अजून लालच आहेत.

मग आबांच्या पोरानं, रविराजनं, भिंगऱ्याचा फॅन क्लब काढला. टोप्या, स्टिकर, आणि मोबाइलवर लिलावाचा ग्रुप. जुना कासरा गेला, झुलीचा गोंडा गेला. शेपटीचे केस तर इतके विकले की घेणाऱ्यांना हा बैल नसून मेंढी वाटावी.

बैलाच्या वाढदिवसाला डीजे पाहिजे, म्हणून परवा रविराजनं मलाच लिलावाला काढलं; गळ्यातनं सोडलं आणि फोम घातलेल्या डब्यात बसवलं. बडबड्या माणसाच्या तोंडात अख्खा लाडू कोंबावा, तशी माझी गत! आत नुसती तळमळत होते. तिकडे माझा आवाज येईना म्हणून भिंगऱ्या पाण्याला तोंड लावेना. रविराजची आई हरणाबाई त्याच्यापुढं बादली घेऊन बसलेली. "पी रं माज्या वाघा. येक घोट तरी पी."

संध्याकाळी बोली सुरू झाली. नियम सोपा: ग्रुपात अंगठ्याचं चित्र टाकलं की बोली पाचशेनं चढली. विट्याचा जोतीराम, लांब परमुलखात सोनं गाळायचं दुकान चालवणारा, हट्टालाच पेटला होता. पण त्यानं अंगठा टाकला रे टाकला की दुसरा अंगठा पडायचा. नाव, 'भिंगऱ्याची आई'. ग्रुपात 'भिंगऱ्याचा भाऊ', 'भिंगऱ्याचा छावा' असले पन्नास जण, त्यामुळं त्या नावाचं कुणाला नवल वाटलं नाही.

"लय जिगरबाज बाई हाय गड्या!" रविराज खूश.

शेवटी जोतीराम थकला. रविराजनं त्या अनोळखी नंबरला फोन लावला. "अभिनंदन मॅडम! घाटी कुटं पाठवू?"

उत्तर फोनमधून आलं आणि भिंतीपलीकडच्या गोठ्यातनंही.

"हितंच आण की. कवाधरनं बादली घिऊन बसलीया."

रविराज डबा घेऊन धावत गोठ्यात गेला. "आई? ह्यो नंबर कुणाचा?"

"तुज्या भणीनं, राणीनं साताऱ्यासनं नवा फोन पाठवलाय नव्हं? तिनंच नाव घातलं, तिनंच ग्रुपात घेतलं. म्हणाली, अंगटा दाबत ऱ्हा, घाटी घरची घरात ऱ्हाईल."

"आगं, पर डीजेचं पैसं?"

"वाढदिवस कुणाचा हाय? त्यालाच इचार, डीजे पायजे का घाटी."

रविराजनं भिंगऱ्याकडं पाहिलं. बैल डब्याकडं बघत होता. रविराजनं डबा उघडून मला त्याच्या गळ्यात बांधलं. मी एकदाच वाजले आणि भिंगऱ्यानं बादलीत तोंड घातलं ते तळ दिसल्यावरच काढलं.

पण सुख कुठलं? तेवढ्यात जोतीरामचा मेसेज आला, "घाटीचा नुसता आवाज तरी विका." तेव्हापासून रविराज भिंगऱ्याच्या गळ्याखाली मोबाइल धरून फिरतोय.

बाबांनो, आवाज खुशाल न्या, तो मला उदंड आहे. फक्त मला परत डब्यात घालू नका. आणि भिंगऱ्याच्या आईपुढं अंगठा टाकू नका.