यशवंत बसला तेव्हा

दिवाळीनंतरच्या कोवळ्या उन्हात भांडगावच्या मळ्यातला झेंडू पेटल्यासारखा दिसायचा, आणि त्या केशरी उजेडाच्या कडेकडेने यशवंत बांधावर येरझारा घालत असायचा. फौजेतून सुभेदार होऊन परतलेला हा माझा बालमित्र; पण परतला तो कोंडलेल्या वाऱ्यासारखा. शिरूरला माझ्या घरी आला तरी चहा दारात उभ्यानेच प्यायचा. खुर्ची पुढे केली की नुसता हसायचा, नजर मात्र रस्त्यावर भिरभिरत राहायची. महामार्गावर ब्रेक किंचाळला, विहिरीकडून कुणी ओरडलं, कुणाच्या गोठ्यात गाय अडली, की कुणाचं काय हे न विचारता तो धावत सुटायचा.

ह्या अस्वस्थतेचं मूळ त्याने एकदाच सांगितलं, घोडनदीच्या पुलावर, कठड्याला हात टेकून. सीमेवरच्या लढाईत बर्फाच्या उतारावर त्याचा जोडीदार गोळी लागून पडला होता. मधली जागा शत्रूच्या माऱ्यात. अंधार पडेपर्यंत कुणी हलायचं नाही, असा हुकूम.

“तो हाका मारत व्हता, आन् आम्ही थांबलो व्हतो,” यशवंत म्हणाला. “अंधार पडला तसा मी सरपटत गेलो. तवा हाका बंद झाल्या व्हत्या.”

“हुकूम होता रे. तुझा काय दोष?”

“दोष न्हाई. पर बसवत न्हाई, गड्या.”

एवढं बोलून तो पुलावरून चालू लागला. खालचं पाणी तेवढं खळखळत राहिलं.

यंदा माघातल्या एका दुपारी यशवंत मळ्यातल्या लिंबाखाली बसला, खोडाला पाठ टेकून, हात मांडीवर सैल सोडून. त्याची बायको पार्वतीवहिनी भाकरी घेऊन येत होत्या. त्यांनी लांबूनच त्याला पाहिलं आणि पावलं न वाजवता त्या माघारी फिरल्या. उन्हं कलल्यावर पुन्हा गेल्या, तेव्हा त्याचं अंग गार पडलं होतं. डॉक्टर म्हणाले, हृदय थांबलं.

माजी सैनिकांनी सलामी दिली, चिता धडाडली, माणसं पांगली. तेव्हा वहिनींनी मला बाजूला बोलावलं.

“भावजी, सबंध संसारात पहिल्यांदा त्यांना असं निवांत बसल्यालं बघितलं. म्हणून हाक मारली न्हाई. मारली असती तर उठलं असतं का हो?”

त्या माझ्या चेहऱ्यावरून डोळे काढीनात. शेवटी मी म्हणालो, “वहिनी, त्याला विसावा हवा होता. तुम्ही तो मोडला नाहीत.”

हे खरं होतं का, मला आजही सांगता येत नाही. त्यांनी मान हलवली. पटून की माझी सुटका करण्यासाठी, तेही कळलं नाही.

आता दिवस पुढे सरकतात, आणि प्रत्येक दिवस मला यशवंतापासून थोडा लांब नेतो. त्या लांब जाण्याचीही एक दिवस सवय होईल, ह्या भीतीने जीव थाऱ्यावर राहत नाही.