तानूचं नाव

नांदुऱ्याच्या ख्रिस्ती मंडळीत ठरलं, की ईस्टरआधीच्या उपवासकाळात एकेका घरानं जिल्ह्यातल्या दुसऱ्या एकेका मंडळीसाठी रोज प्रार्थना करायची. जनकाबाईच्या वाट्याला डोणगाव आलं, आणि तिचा चेहराच उतरला. तिथं तिची नणंद होती, तानुबाई. लहानपणीचा बाप्तिस्मा खरा नाही म्हणत डोणगावची मंडळी वेगळी झाली, तेव्हा तानूनं पैनगंगेत बुडी मारून पुन्हा बाप्तिस्मा घेतला होता. "मंग तुह्या बापानं लहानपनी देवळात देला, तो काय खोटा व्हता?" असं जनकाबाई चारचौघांत बोलून गेली. तेव्हापासून बोलणं बंद.

पहिल्या संध्याकाळी ती गुडघे टेकून बसली. डोणगावच्या पाळकांचं नाव घेतलं, आजाऱ्यांसाठी मागितलं, लेकराबाळांसाठी मागितलं. तानूचं नाव काही ओठांवर येईना. दुसऱ्या दिवशीही तेच. मग तिची तिलाच लाज वाटली. पंगतीत बसलेल्या एकीला वाढायचं टाळून पुढं जावं, तसंच हे.

"मी डोनगावले जाऊन येतो," ती नवऱ्याला म्हणाली.

"काऊन?" हिंमतराव म्हणाले. "प्रार्थना इथून होत नाई काय?"

"होत नाई, म्हनून तं चालली."

खामगावला गाडी बदलली, मेहकरला बदलली. तानू ओसरीत मेथी निवडत होती. वहिनीला पाहून उठली, पण तोंडातून निघाली ती नुसती घरघर. सून सुचितानं पाणी आणलं.

"घशात गाठ हाय," तानू बसक्या आवाजात म्हणाली. "अकोल्याचा डॉक्टर म्हनते, ऑपरेशन करा. आवाज राहीन का जाईन, सांगता येत नाई."

जनकाबाई तिच्या शेजारी बसली. डोणगावची उपासना तानूच्या गाण्यानं सुरू व्हायची, हे तिलाही ठाऊक होतं.

"आमच्यातले समदे डोक्यावर हात ठेवतात. म्हनतात, विश्वास धर, काही होत नाई. मी हाव म्हनतो. पन मले भेव लागते, वयनी. तसं बोललं तं म्हनतीन, हिचा विश्वासच कमी."

"माह्यापाशी बोल न मंग. काय मागू तुह्यासाठी?"

तानूनं जरा विचार केला. "आवाज तं समदेच मागून राह्यले. तू एवढं माग, आवाज गेला तरी मी देवावर रुसू नाई."

जनकाबाईनं तिचा हात धरला. तिला मोठ्यानं प्रार्थना करायची सवय नव्हती, आणि तानूला आता जमत नव्हती. दोघी तशाच डोळे मिटून बसल्या. सुचितानं गॅस बंद केला आणि तीही येऊन टेकली.

निघताना जनकाबाई म्हणाली, "बाप्तिस्म्याचं मले आजबी पटलं नाई हो."

"नको पटू देऊ," तानू हसली. "येत जा मात्र."

रविवारी नांदुऱ्याच्या देवळात जनकाबाईनं उभं राहून तानूचं नाव घेतलं. मागून मंडळीतले एक वडीलधारे म्हणाले, "ते लोक आपला बाप्तिस्मा मानत नाईत." एरवी देवळात अवाक्षर न काढणारे हिंमतराव उठले. "न मानू द्या. बहीन हाय ते माही." पाळकांनी हात जोडले आणि प्रार्थनेला सुरुवात केली.

ऑपरेशन झालं. गाठ साधी निघाली, पण आवाज गेला. कुजबुज तेवढी राहिली. ईस्टरला नवरा-बायको डोणगावला गेले. सुचितानं गीत उचललं ते फारच वरच्या पट्टीत. पुढं बसलेल्या तानूनं तळहातानं खूण करून ते खाली आणलं. मग सगळी मंडळी, जो तो आपापली, एकदमच मोठ्यानं प्रार्थना करू लागली, तसे हिंमतराव दचकून इकडंतिकडं पाहू लागले.

जेवताना जनकाबाईनं हळूच विचारलं, "रुसली तं नाई न देवावर?"

"रुसली व्हती," तानू कुजबुजली. "दवाखान्यात भिंतीकडं तोंड करून पडून राहो. मंग त्यालेच भांडली, खूप रडली. आता बोलतो आम्ही." तिनं वहिनीच्या ताटात भाकरी वाढली. "तुह्यासाठी काय मागू, ते सांग."

हे जनकाबाईला आजवर कुणी विचारलंच नव्हतं. भाकरीचा तुकडा हातात धरूनच ती पुण्यात एकट्या राहणाऱ्या, फोन न उचलणाऱ्या धाकट्या लेकाबद्दल सांगू लागली.